उसना अवधी : बालकांची हृदयशस्त्रक्रिया आणि हृदय-फुप्फुस यंत्र



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात एका यंत्रामागे बसून आयुष्य घालविलेल्या तंत्रज्ञाला आपण या व्यासपीठावर पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी शल्यविशारद नाही. शल्यविशारद बाळाच्या हृदयावर काम करीत असताना त्या बाळाचे रक्ताभिसरण आणि श्वसन यंत्राच्या साहाय्याने चालू ठेवणे, एवढेच माझे काम. या व्यवसायाला परफ्यूजनिस्ट असे म्हणतात. मराठीत त्याला सुटसुटीत शब्द अद्याप रूढ झालेला नाही, म्हणून आज मी हाच शब्द वापरणार आहे.

विषय वैद्यकाचा असला तरी तो केवळ वैद्यांपुरता नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातील एखादे बाळ वाचते किंवा वाचत नाही, यात यंत्राचा वाटा किती आणि आपला सर्वांचा वाटा किती, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

चार मिनिटे आणि एक तास

गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास हृदयाचे स्पंदन सुरू होते आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे चार कप्पे तयार होतात. या नाजूक घडणीत कोठे पडदा अपुरा राहतो, कोठे झडप अरुंद राहते, कोठे मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल होते. यालाच जन्मजात हृदयदोष म्हणतात. जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे सुमारे ८ ते ९ बालकांत असा दोष आढळतो. या हिशेबाने भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके हृदयदोष घेऊन जन्माला येतात आणि त्यांपैकी सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच उपचाराची गरज भासते. काही छिद्रे आपोआप बुजतात, काही दोष मांडीतील रक्तवाहिनीतून नळी नेऊन दूर करता येतात. तथापि अनेक दोषांना हृदय उघडून दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नसते.

येथेच मुख्य अडचण आहे. तान्ह्या बाळाचे हृदय मिनिटाला १२० ते १४० वेळा धडधडते आणि आतून रक्ताचा लोंढा वाहत असतो. त्यावर सुईदोरा चालवावयाचा तर हृदय स्थिर आणि रिकामे हवे. परंतु रक्तप्रवाह थांबला की मेंदू शरीराच्या नेहमीच्या तापमानाला चार-पाच मिनिटांपलीकडे तग धरीत नाही. हृदयातील पडद्याचे छिद्र बुजवावयास मात्र अर्धा-पाऊण तास लागतो आणि गुंतागुंतीच्या दोषांना त्याहून कितीतरी अधिक. चार मिनिटे आणि एक तास यांमधील हे अंतर कसे भरून काढावयाचे, हाच या शास्त्राचा मूळ प्रश्न होय.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हा प्रश्न चटकन समजेल. विहिरीवरची मोटार बिघडली आहे आणि उसाच्या फडाला पाणी तर थांबविता येत नाही. अशा वेळी तो दोनच गोष्टी करू शकतो. शेजाऱ्याच्या मोटारीवरून पाणी घेणे किंवा भाड्याचा पंप आणून बसविणे. शल्यशास्त्राने या दोन्ही गोष्टी करून पाहिल्या.

यंत्राची पूर्वकथा

हृदय न उघडता बालकांना साहाय्य करण्याचा पहिला मोठा प्रयत्न २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाला. अंग निळे पडणाऱ्या बाळाच्या फुप्फुसांना अधिक रक्त मिळावे म्हणून डॉ. आल्फ्रेड ब्लालॉक यांनी हाताकडे जाणारी एक रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडली. ही कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची होती. प्रयोगशाळेत ही शस्त्रक्रिया बसविली ती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. वैद्यकीय पदवी नसलेला हा मनुष्य शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लालॉक यांच्या खांद्यामागे उभा राहून त्यांना टाका कसा घ्यावा ते सांगत होता. तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या आम्हा सर्वांना थॉमस यांचे नाव विसरता येत नाही.

यंत्राचा ध्यास घेतला तो डॉ. जॉन गिबन यांनी. १९३१ च्या सुमारास बॉस्टन येथे फुप्फुसाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकलेल्या एका रुग्ण स्त्रीजवळ त्यांना रात्रभर बसावे लागले आणि ती स्त्री दगावली. तिचे काळे पडलेले रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून, पुन्हा शरीरात सोडता आले असते तर, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. पत्नी मेरी यांच्या साहाय्याने त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ प्रयोग केले. १९५२ मध्ये त्यांनी १५ महिन्यांच्या एका बाळावर यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केली, पण ज्या छिद्राचे निदान झाले होते ते हृदयात नव्हतेच आणि बाळ वाचले नाही. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे १८ वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या हृदयातील छिद्र त्यांनी यशस्वीपणे बुजविले. ती ४५ मिनिटे यंत्राला जोडलेली होती आणि त्यांपैकी २६ मिनिटे तिचे जीवन सर्वस्वी यंत्रावर अवलंबून होते. पुढील रुग्णांच्या बाबतीत मात्र अपयश आले आणि गिबन यांनी ते काम थांबविले.

त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठातील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी शेजाऱ्याच्या मोटारीचा मार्ग अवलंबिला. २६ मार्च १९५४ रोजी १३ महिन्यांच्या एका बाळाला त्यांनी त्याच्या वडिलांच्या रक्ताभिसरणाशी जोडले. बापाचे हृदय आणि बापाची फुप्फुसे दोघांसाठी काम करीत होती आणि तेवढ्या वेळात बाळाच्या हृदयातील छिद्र बुजविण्यात आले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु अकराव्या दिवशी न्यूमोनियाने ते बाळ गेले. तरीही लिलेहाय यांनी या पद्धतीने एकूण ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी २८ जण बरे होऊन घरी परतले. एकही दाता दगावला नाही, पण एका मातेच्या मेंदूला कायमची इजा झाली. एका शस्त्रक्रियेत दोन जीव धोक्यात घालणारी ही पद्धत फार काळ चालणे शक्य नव्हते. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जॉन कर्कलिन यांनी गिबन यांचे यंत्र सुधारून वापरात आणले आणि त्याच वर्षी लिलेहाय यांचे सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडणारे साधे, स्वस्त उपकरण तयार केले. या दोन घटनांनी जगभरच्या शस्त्रक्रियागृहांची दारे उघडली.

मुंबई, वेल्लोर आणि बेळगाव

आपल्या देशात हे शास्त्र पोहोचावयास फार वर्षे लागली नाहीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत डॉ. के. एन. दस्तूर आणि वेल्लोर येथे डॉ. एन. गोपीनाथ यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने खुल्या हृदयशस्त्रक्रिया केल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने या क्षेत्रात मोठे काम उभे केले. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण झाले आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन यांनी के. ई. एम. मध्ये हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. तथापि महापालिकेच्या रुग्णालयात, गोरगरिबांच्या वॉर्डाशेजारी हे धाडस झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी आपल्या भागातील रुग्ण मोठ्या आजारासाठी मिरजेला जात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाचे नाव सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घराघरांत आदराने घेतले जाई. हृदयाचा आजार असेल तर मुंबई, पुणे, वेल्लोर किंवा बंगळूर गाठावे लागे, आणि जे गाठू शकत नसत त्यांची नोंद कोणी ठेवीत नसे. पुढे बेळगावातच हृदयशस्त्रक्रियेची सोय झाली. केएलई संस्थेच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात २०१८ मध्ये हृदयप्रत्यारोपणही झाले. मुंबईच्या त्या प्रयत्नापासून बेळगावच्या या घटनेपर्यंत बरोबर ५० वर्षांचे अंतर आहे. विद्या महानगरातून आपल्या उंबरठ्याशी यावयास एवढा काळ लागला. आता ती आलेली आहे, म्हणूनच आपली जबाबदारी वाढली आहे.

बाळ आणि यंत्र

यंत्राची रचना थोडक्यात सांगतो. शरीरातील अशुद्ध रक्त दोन मोठ्या नीलांतून नळ्यांवाटे केवळ उताराने खाली एका पात्रात येते. पंप ते पुढे ढकलतो. वाटेत रक्त थंड किंवा गरम करण्याची सोय असते. पुढे कृत्रिम फुप्फुसात केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंच्या आतून प्राणवायू वाहतो आणि बाहेरून रक्त. तंतूंच्या सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग गाळणीतून गाळलेले लाल रक्त महारोहिणीत सोडले जाते. रक्त परक्या नळ्यांत शिरले की गोठू लागते, म्हणून आधी हेपॅरिन हे औषध देतात. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून ते हाती आले. शस्त्रक्रिया संपल्यावर त्याचा परिणाम उतरविण्यासाठी माशांपासून मिळणारे प्रोटामीन देतात. हेपॅरिन दिल्यावर रक्त गोठण्याचा वेळ तपासतात. सामान्यतः तो दोन मिनिटांच्या आत असतो. तो ४८० सेकंदांच्या पुढे गेल्याखेरीज आम्ही यंत्र सुरू करीत नाही.

हीच रचना लहान बाळासाठी वापरताना वेगळाच प्रश्न उभा राहतो. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. ३ किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात ते सुमारे २५० मिलिलिटर असते, म्हणजे एखाद्या फुलपात्रात मावेल एवढे. पूर्वीच्या यंत्राच्या नळ्या आणि पात्रे भरावयासच लिटरभराहून अधिक द्रव लागे. बाळाचे सारे रक्त त्यात मिसळले तर ते पाण्यासारखे पातळ होणार. त्यामुळे दुसऱ्याचे रक्त घालावे लागे, आणि दुसऱ्याचे रक्त जितके अधिक तितकी सूज, ताप आणि गुंतागुंत अधिक. बालहृदयशस्त्रक्रियेची प्रगती पुष्कळ अंशी हे यंत्र लहान करण्याची प्रगती आहे.

येथे मला गुरुजींचा फळा आठवतो. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, हे त्यांनी आम्हांला घोटून घेतले होते. पाव इंच व्यासाच्या एक मीटर नळीत सुमारे ३२ मिलिलिटर द्रव मावतो. तीच नळी तीन-सोळांश इंचाची घेतली तर सुमारे १८ मिलिलिटर. व्यास पाव हिश्शाने कमी झाला, पण द्रव जवळजवळ निम्म्यावर आला. दर मीटरमागे १४ मिलिलिटर वाचले. प्रौढाच्या बाबतीत ही बचत नगण्य आहे. २५० मिलिलिटर रक्त असलेल्या बाळाच्या बाबतीत तो एकूण रक्ताचा अठरावा हिस्सा आहे. म्हणून आम्ही पंप शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ सरकवितो, नळी वीतभर का होईना कापतो आणि लहानात लहान कृत्रिम फुप्फुस निवडतो. आज नवजात बालकांसाठीची नळ्या-पात्रांची संपूर्ण जुळणी सुमारे २०० मिलिलिटरमध्ये, काही ठिकाणी त्याहूनही कमी द्रवात भरते. १९९० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात डॉ. मार्टिन एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर बाळाच्या रक्तातील जादा पाणी गाळून काढण्याची पद्धत बसविली. तिचाही मोठा उपयोग झाला.

बाळाची चयापचय क्रिया वेगवान असते, म्हणून त्याला वजनाच्या मानाने अधिक प्रवाह द्यावा लागतो. नवजात बाळाला दर किलोमागे मिनिटाला १५० ते २०० मिलिलिटर. म्हणजे ३ किलोच्या बाळाच्या अंगातील संपूर्ण रक्त एका मिनिटात सुमारे दोन वेळा यंत्रातून फिरते. हृदय थांबविण्यासाठी पोटॅशियमयुक्त थंड द्रव हृदयाच्याच रोहिण्यांत सोडतात. त्याने हृदय शिथिल होऊन निद्रिस्त होते. काही गुंतागुंतीच्या दोषांत यंत्राचा प्रवाहदेखील थोडा वेळ थांबवावा लागतो. त्यासाठी शरीराचे तापमान सुमारे १८ अंश सेल्सियसपर्यंत खाली आणतात. थंडीने मेंदूची प्राणवायूची भूक मंदावते आणि साधारणपणे अर्धा ते पाऊण तास मिळतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये डॉ. ब्रायन बॅरट-बॉइज यांनी तान्ह्या बालकांत ही पद्धत रूढ केली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. हे यंत्र बाळाला बरे करीत नाही. बरे करतात ते शल्यविशारदाचे हात आणि बाळाची स्वतःची जीवनशक्ती. यंत्र केवळ उसना अवधी मिळवून देते आणि उसन्या अवधीवर व्याज चढत असते. यंत्रावरच्या प्रत्येक मिनिटाबरोबर रक्तपेशी भरडल्या जातात, अंगाला सूज चढते. म्हणून तो अवधी जितका कमी वापरावा लागेल तितके चांगले.

यंत्रामागे बसणारा माणूस

परफ्यूजनिस्टचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. पात्रातील रक्ताची पातळी, दाब, तापमान, प्रवाह, रक्तातील वायूंचे प्रमाण, लघवी, या गोष्टी तो दर काही मिनिटांनी पाहतो आणि लिहितो. पातळीवरची नजर मात्र काढता येत नाही. ते पात्र रिकामे झाले तर पंप हवा ढकलील आणि हवेचा बुडबुडा मेंदूत जाईल. आज पातळी दाखविणारे आणि बुडबुडा ओळखणारे संवेदक आहेत. ते कितीही चांगले असले तरी माणसाच्या डोळ्यांना त्यांनी रजा दिलेली नाही. शल्यविशारदाची प्रत्येक सूचना परफ्यूजनिस्ट मोठ्याने उच्चारतो आणि मगच ती अमलात आणतो. कन्नड, मराठी, मल्याळम बोलणारी माणसे एकाच टेबलाभोवती काम करीत असतात. ऐकले आणि समजले, यांतील फरक तेथे परवडत नाही.

या यंत्राला एक हातदांडा असतो. वीज गेली, जनित्र आणि बॅटरी दोन्ही निकामी झाली, तर परफ्यूजनिस्टने तो दांडा पंपाला लावून हाताने फिरवावयाचा, एकसारख्या गतीने, वीज येईपर्यंत. हा दांडा प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आधी जागेवर आहे की नाही, हे आम्ही तपासतो. लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी ठेवलेला तो लोखंडी दांडा पाहिला की तंत्रज्ञानाविषयीचा माणसाचा अहंकार आपोआप आटोक्यात राहतो.

हा व्यवसाय आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित आहे, म्हणून सांगतो. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला परफ्यूजनची पदवी घेता येते. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम आहे. वैद्यकाशी संलग्न अशा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे या क्षेत्राला राष्ट्रीय चौकट मिळाली. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजी ग्रंथांची धास्ती वाटते. ती दोन वर्षांत जाते. गणित आणि टापटीप यांची सवय मात्र शाळेतच लागावी लागते. बेळगावच्या ओतशाळांतून आणि यंत्रशाळांतून शतांश मिलिमीटरचा हिशेब ठेवणारे कारागीर तयार होतात. त्याच मातीत उत्तम परफ्यूजनिस्ट तयार होतील, यात मला शंका वाटत नाही.

वेळेवर पोहोचणे

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असले तर फुप्फुसांकडे जरुरीपेक्षा पुष्कळ अधिक रक्त जोराने जाते. तेथील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू जाड आणि कठीण होतात. एका मर्यादेपलीकडे हा बदल परतविता येत नाही. मग छिद्र बुजविणेच घातक ठरते. आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये वर्णिलेली ही अवस्था आहे. अनेक बालकांत पहिल्या एक-दोन वर्षांतच हे दार बंद होऊ लागते. बेळगावात यंत्र सज्ज असते, शल्यविशारद तयार असतो, योजनेतून पैसा मिळतो आणि तरीही वैद्याला नकार द्यावा लागतो, कारण मूल सातव्या वर्षी आलेले असते. माझ्या व्यवसायात याहून दुःखद प्रसंग नाही. शस्त्रक्रियेत आलेले अपयश माणूस पचवितो. न झालेली शस्त्रक्रिया पचविता येत नाही.

या लेकरांची लक्षणे घरात दिसत असतात. दूध ओढताना बाळ दमते, मध्येच थांबते, कपाळावर घाम येतो. खाल्लेले अंगी लागत नाही. वारंवार खोकला आणि न्यूमोनिया होतो. ओठ, नखे निळसर दिसतात. फॅलो यांनी १८८८ मध्ये वर्णिलेल्या चतुर्विध दोषाचे मूल थोडे धावले की उकिडवे बसते. तसे बसल्याने त्याच्या फुप्फुसांकडे अधिक रक्त जाते आणि त्याला बरे वाटते. शाळेच्या मैदानावर ते मूल आळशी म्हणून ओळखले जाते. घरी दृष्ट काढली जाते, अंगारा लावला जातो. आईच्या मायेने केलेल्या त्या गोष्टींना मी हसणार नाही. दृष्ट काढून झाल्यावर त्याच दिवशी बाळाला डॉक्टरकडे न्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

परंतु नुसती विनंती करून भागत नाही. निपाणी परिसरात विडी वळून घर चालविणाऱ्या आईचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. जवळचे गाव एका राज्यात, आरोग्यपत्रिका दुसऱ्या राज्याची, कागदपत्रे तिसऱ्याच भाषेत, असा अनुभव सीमेवरच्या माणसाला नवा नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले आणि त्यावर कर्नाटकातून आक्षेप घेण्यात आला. त्या वादात मी येथे शिरत नाही. रुग्णाच्या नातेवाइकाला कोणते कार्ड कोठे चालते हे समजेल अशा भाषेत सांगणारा एक माणूस गावात असला पाहिजे, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. २००३ मध्ये पाकिस्तानातील अडीच वर्षांची एक मुलगी लाहोर-दिल्ली बसने भारतात आली आणि बंगळूरमध्ये तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तिला दोन देशांमधील सीमा आड आली नाही. दोन जिल्ह्यांमधील सीमा आपल्या लेकरांना आड येऊ नये.

शासनाच्या व्यवस्थाही आहेत, त्यांचा उपयोग करून घेतला पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यानुसार वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. हृदयदोष शोधणे हे त्यांचे एक काम आहे. पथक येते त्या दिवशी गैरहजर असलेले मूल बहुधा आजारीच असते, म्हणून त्या मुलाची तपासणी सर्वांत आधी व्हावयास हवी. गर्भारपणाच्या आरंभी मातेला रुबेला झाला तर बाळाच्या हृदयात दोष राहू शकतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम ज्या पहिल्या राज्यांत सुरू झाली त्यांत कर्नाटक होते आणि ती मोहीम मुख्यतः शाळांतूनच पार पडली. आपल्याकडे मामा-भाची किंवा आते-मामे भावंडे यांचे विवाह पूर्वापार होत आले आहेत. इतक्या जवळच्या नात्यातील विवाहांत जन्मजात दोषांचा धोका काहीसा वाढतो, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारात घ्यावे.

२०२० च्या कोरोना साथीत बोटाला लावावयाचे चिमट्यासारखे उपकरण घरोघर पोहोचले. नवजात बाळाला चोवीस तास झाल्यावर त्याच प्रकारच्या, बाळांसाठी बनविलेल्या उपकरणाने हाताची आणि पायाची तपासणी केली आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्क्यांहून कमी आढळले, तर पुढील तपासणी करून घ्यावी. घरी पाठविण्यापूर्वी ही तपासणी झाली का, असे बाळाच्या आजीने परिचारिकेला विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने एखादे बाळ वाचू शकते.

तीन विनंत्या

शेवटी संस्थेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, शाळेच्या हजेरीपटाशेजारी प्रत्येक मुलाचे वजन, उंची आणि मैदानावर दम लागतो का, याची वर्षातून दोनदा नोंद व्हावी. दुसरी, गुरुजींच्या स्मृतिदिनी माजी विद्यार्थ्यांनी रक्तदान करावे आणि रक्तगटांची यादी शाळेत ठेवावी. यंत्र कितीही लहान झाले तरी तान्ह्या बाळाच्या शस्त्रक्रियेला आजही बहुधा दुसऱ्याचे रक्त लागते. तिसरी, माजी विद्यार्थी संघाने एक छोटा निधी उभारावा. शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. एस. टी. चे भाडे, रुग्णालयाबाहेर राहण्याचा खर्च आणि आईची बुडालेली मजुरी, एवढे त्यातून निघाले तरी पुष्कळ झाले. अनेक कुटुंबे शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षा या किरकोळ खर्चाने अडतात.

गिबन यांनी वीस वर्षे खर्चून २६ मिनिटे मिळविली. लिलेहाय यांच्या टेबलाशेजारी एका बापाने आपले हृदय काही मिनिटे लेकराला उसने दिले. तो अवधी आज बेळगावात, एस. टी. ने जाता येईल एवढ्या अंतरावर, उपलब्ध आहे. मूल तेथवर वेळेत पोहोचविणे हे काम यंत्राचे नाही. ते काम माता, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि शेजारी यांचे आहे. मुलांकडे बारकाईने पाहावे, ही गुरुजींची शिकवण होती. या शाळेतील शिक्षक तशा नजरेने एखाद्या उकिडव्या बसलेल्या मुलाकडे पाहतील, तर त्यांच्या स्मृतीला याहून योग्य अभिवादन दुसरे असणार नाही.